आंब्याखाली कॉफी

महोदय,

जांबोटी भागातली आमची आंब्याची बाग. मोहोर आला की धुकं पडायचं, सगळा करपायचा. चार वर्षांपूर्वी निम्मी झाडं सावलीपुरती ठेवून मधे रोबस्टा कॉफी लावली. अरेबिका या कॉफीच्या दुसऱ्या जातीला साधारण 1000 मीटरच्या वरची उंची मानवते, आमचं रान त्याच्या खाली. भावकीनं वेड्यात काढलं.

यंदा पहिलं पीक आलं. एकाच घोसात लाल, पिवळी, हिरवी फळं. त्यातली लालच तेवढी खुडायची, म्हणजे एकेका झाडाकडं तीन-चार खेपा. बायका म्हणतात, "काजू बरा की, आपणहून पडतोय." खोटं नाही! पण हिरवं फळ मिसळलं की चव बिघडते, आणि चवीच्या परीक्षेत 100 पैकी 80 गुण पडल्याशिवाय कॉफी 'स्पेशालिटी', म्हणजे खास दर्जाची, ठरत नाही.

वाळवण अंगणात जमते, पण टरफल काढायला पोती चिकमगळूरकडं धाडावी लागतात. दहा-बारा पोत्यांसाठी टेम्पोचं भाडं कसं परवडणार? खानापुरात सामायिक यंत्र बसवावं. माहितीपत्रकं मराठीतही मिळावीत. कन्नड मी बोलतो, पण खताचं प्रमाण वाचताना अडखळतो.

– एक शेतकरी, ता. खानापूर, जि. बेळगाव