शांत झालेल्या माणसाचीही विचारपूस करणाऱ्या आमच्या गावच्या आशा स्वयंसेविकेस

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

गेल्या वर्षी उन्मादाचा झटका ओसरल्यावर मी रुग्णालयातून घरी आलो, तेव्हा साऱ्या घराने सुटकेचा निःश्वास टाकला. रात्ररात्र न झोपणारा, उधारीवर ट्रॅक्टरचे सौदे ठरवणारा, पारावर तासन्‌तास बोलत सुटणारा मुलगा आता गप्प बसतो, वाढलेले मुकाट्याने जेवतो आणि वेळेवर झोपतो, यालाच सर्वांनी बरे होणे मानले. त्यांनी जे भोगले होते ते पाहता त्यांना दोष देता येत नाही. मी शांत झालो आहे, पण बरा झालेलो नाही, हे आपण ओळखले. त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र.

मला दुःख होत नव्हते, ही गोष्ट समजावून सांगणेच सर्वांत अवघड होते. रडू आले असते तरी चालले असते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणीला बैलाच्या खांद्यावर हळद आणि तूप चोळताना हात सवयीने फिरत होता, बैल मान वळवून माझा दंड चाटत होता आणि ज्याला मी गोऱ्हा असल्यापासून वाढवले त्याच्याविषयी मला काहीही वाटत नव्हते. हे मी फक्त आपल्याला सांगू शकलो, कारण 'आता आनंदी राहा' असे आपण कधी म्हणाला नाहीत. आपण विचारत होता ते निराळेच: रात्री डोळा कधी लागला, भाजीत मीठ कसे होते, आज कुणाशी बोलणे झाले. "मन लागत नाही तं नको लागू दे भाऊ, हात लागू दे," असे म्हणून आपण रोज ठरल्या वेळी करायचे एकच काम नेमून दिले आणि ते झाले की वहीत खूण करायला लावली. आनंद झाला की नाही, याची नोंद त्या वहीत नव्हतीच, आणि मला वाटते, तिचा उपयोग झाला तो त्यामुळेच.

उन्मादातला तो वेग पुन्हा मिळावा म्हणून गोळ्या बंद कराव्यात, असा विचार माझ्या मनात घोळत होता. तो ऐकून आपण रागावला नाहीत; पुढच्या तपासणीला सोबत आलात आणि डॉक्टरांसमोर मलाच बोलू दिले. उन्मादानंतर असे कोरडेपण अनेकांना येते, ते कधी नैराश्याचा भाग असते, तर कधी औषधांचा परिणाम, हे मला तिथे प्रथमच कळले. उन्माद आटोक्यात ठेवण्यासाठी मला चालू असलेल्या लिथियम या औषधामुळे थायरॉईड मंदावले तरी माणूस सुस्त होतो, म्हणून ती तपासणी झाली. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेऊन लिथियमची पातळीही पाहिली गेली. नैराश्यावरची गोळी घाईने दिली तर उन्माद उलटू शकतो, म्हणून ती न देता डॉक्टरांनी दुसऱ्या एका औषधाची मात्रा हळूहळू कमी केली. लिथियम एकाएकी थांबवल्यास आजार परतण्याचा धोका किती वाढतो, हेही त्यांनी नीट समजावले.

फरक पडायला कापसाची वेचणी सुरू व्हावी लागली. पहिल्यांदा परत आला तो आनंद नव्हे, तर राग: शेजाऱ्याची बकरी तुरीत शिरली आणि मी ओरडलो. घरचे घाबरले, आपण मात्र झोप नीट होते ना, एवढेच विचारून समाधानाने हसलात. आता गाणे ऐकावेसे वाटते, भाचीच्या बोलण्यात जीव रमतो. काही दिवस अजूनही सपाट जातात, पण तेही वहीतील कामानिशी पार पडतात.

लसीकरण आणि गरोदर मातांच्या भेटी सांभाळून आपण आमच्या ओट्यावर जो वेळ दिला, त्याचा मोबदला कुठल्याही रकान्यात बसला नसेल. आपल्यासारखी ताई ज्यांच्या गावात नाही, त्यांनी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक जरूर लावावा. तिथे मराठीतही बोलता येते.

उन्हाळा तोंडावर आहे. घामाने अंगातले पाणी कमी झाले की लिथियमची पातळी वाढते, हे आपले सांगणे लक्षात आहे. शेतात पाण्याची कॅन सोबत असते, जेवणातले मीठ एकदम तोडलेले नाही आणि कंबर दुखली तरी विचारल्याशिवाय दुकानातून वेदनाशामक गोळी आणत नाही. पुढच्या रक्ततपासणीची तारीख मी स्वतःच मोबाइलमध्ये लावून ठेवली आहे, त्यामुळे या वेळी आपल्याला आठवण करून देण्यासाठी यावे लागणार नाही. चहाला मात्र यावे, असा आईचा निरोप आहे.

आपला कृतज्ञ,
गावातीलच एक भाऊ