पडद्यावर सिगारेट दिसली की इशारा येतो, जबरदस्तीचं लग्न दिसलं की सनई वाजते

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली

विषय : मालिकांमधली धाकाने आणि फसवून लावलेली लग्नं

महोदय,

मी एका तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते. कौटुंबिक हिंसाचार, पोटगी, घटस्फोट ही माझी रोजची कामं. मालिकाही मी बघते. घरातली जेवणं उरकेपर्यंत त्या सुरूच असतात आणि त्यातल्या काही मला मनापासून आवडतात. म्हणून आधीच सांगते, मालिका बंद करा किंवा त्यांना कात्री लावा अशी माझी मागणी नाही. माझं म्हणणं एका ठरावीक गोष्टीबद्दल आहे. मुलीच्या मनाविरुद्ध, धाक दाखवून किंवा फसवून लावलेलं लग्न आपल्या मालिकांत एकदा लागलं की ते कायमचं धरलं जातं, आणि त्यातून बाहेर पडायला कायद्याने वाट ठेवली आहे हे कुणी तोंडातूनही काढत नाही.

प्रसंग आपणही पाहिले असतील. अंतरपाट दूर होतो आणि समोर भलतीच नवरी उभी असते. वडिलांच्या जिवाची धमकी देऊन मुलीला बोहल्यावर चढवतात. बापाचं कर्ज फिटावं म्हणून ती सहा महिन्यांच्या करारावर लग्नाला उभी राहते. भर मांडवातून नवरदेव निघून जातो आणि घराण्याची अब्रू राखायला जो कुणी हाताशी असेल त्याच्या गळ्यात तिला माळ घालावी लागते. कधी देवळात, तिला कळायच्या आत, गळ्यात मंगळसूत्र पडतं. अशा भागाची आठवडाभर जाहिरात होते आणि रविवारी तासा-दोन तासांचा विवाह विशेष भाग लागतो, कारण लग्नाच्या आठवड्याला टीआरपी मिळतो हे वाहिन्यांना पक्कं ठाऊक आहे.

गोष्टीत खलनायक असणारच आणि तो वाईटच वागणार. माझा आक्षेप त्या प्रसंगाला नाही, त्याच्यानंतरच्या शंभर भागांना आहे. त्या शंभर भागांत मुलगी देव्हाऱ्यासमोर उभी राहून म्हणते, कसाही असला तरी आता तोच माझा नवरा. ती पहाटे उठून रांगोळी घालते, सासूचे टोमणे गिळते, त्याच्यासाठी उपास धरते. हळूहळू तिच्या सोसण्याने त्याचं मन पालटतं आणि ज्याने धाक घातला तोच नायक होतो. या अख्ख्या काळात तिचा भाऊ पोलिस ठाण्यात जात नाही, शिकलेली मैत्रीण वकिलाचं नाव काढत नाही, आणि आई तर तिची समजूतच घालते. लिहिणाऱ्यांना हे मुलीचं मोठेपण वाटतं. मला त्यात माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत येऊन बसणाऱ्या मुली दिसतात.

त्यातली एक सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. एकोणीस वर्षांची मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. ओळखीच्या मुलाने काहीतरी निमित्त काढून तिला एका देवळात नेलं, गळ्यात मंगळसूत्र घातलं, मित्राने मोबाइलवर फोटो काढले आणि ते तिच्या वडिलांना व्हॉट्सॲपवर पाठवले. संध्याकाळी घरात भावकी बसली. मुलीला कुणी विचारलं नाही. चुलती म्हणाली, पदरी पडलं पवित्र झालं. वडील म्हणाले, आता हिला दुसरं कोण करून घेणार? दोन दिवसांत तिची बॅग भरून तिला त्याच्या घरी पोचवलं. माझ्याकडे ती आली तेव्हा पाच महिने उलटले होते आणि डाव्या कानाने तिला नीट ऐकू येत नव्हतं. मंगळसूत्र तिने ओढणीखालून काढून दाखवलं. जत्रेत मिळतं तसलं, खोट्या सोन्याचं, वाट्यांच्या कडा हिरव्या पडलेलं. मारहाणीबद्दल ती नंतर बोलली. तिचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, हे मी काढलं तर चालेल का? म्हणजे, कायद्यानं?"

तिच्या घरच्यांनी मालिका बघून हे केलं, असं मी म्हणणार नाही. टीव्ही नव्हता तेव्हाही हे होत होतं. पण त्या संध्याकाळी घरात दहा-बारा माणसं होती, त्यात दोन पदवीधर होते, आणि त्यातल्या एकालाही हे लग्न झालेलंच नसू शकतं असं सुचलं नाही. रोज रात्री घरात जे दिसतं त्यातून ते सुचणार तरी कसं?

तिला जे सांगितलं ते इथे लिहिते, कारण मालिकेतल्या कुठल्याही वकिलाने ते सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे दोघांपैकी एकाच्या रीतीरिवाजाचे विधी व्हावे लागतात, आणि जिथे सप्तपदी हा विधी आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. हे विधी झालेच नसतील तर नुसत्या फोटोने किंवा प्रमाणपत्राने विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. विधी झाले पण संमती बळजबरीने किंवा फसवून घेतली असेल तर कलम १२ खाली ते लग्न रद्द करून मागता येतं. त्याला मुदत आहे : धाक संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून एक वर्ष. आणि त्यानंतर ती आपल्या राजीखुशीने त्याच्याबरोबर नांदली असेल तर हा मार्ग बंद होतो. मालिकेतली नायिका सोसून, निभावून नेते ते वर्ष नेमकं हेच असतं. शिवाय लग्नाची सक्ती करण्यासाठी स्त्रीला पळवून नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८७ खाली दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

टीव्हीचा लोकांवर एवढा परिणाम होत नसतो, असं आपले अधिकारी आपल्याला सांगतील. त्यांना दोन गोष्टींची आठवण करून द्यावी अशी विनंती आहे.

एक तर आपल्या खात्याचाच इतिहास. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. तिची मूळ कल्पना माहिती व प्रसारण मंत्री राहिलेले वसंत साठे यांची, आमच्या वर्ध्याचे खासदार. मेक्सिकोत लोकशिक्षणासाठी मालिका वापरल्या जात होत्या, तिथल्या भेटीनंतर त्यांनी हे मनावर घेतलं. कुटुंब नियोजन, हुंडा, घरातल्या बाईचं स्थान हे सगळं त्या गोष्टीत होतं आणि भाग संपला की अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत. सुरुवातीचे भाग फार उपदेशाचे झाले, लोकांनी तक्रार केली, तेव्हा उपदेश कमी करून गोष्ट पुढे आणली आणि मग घरं टीव्हीसमोर बसली. मालिकेचा परिणाम होतो हे गृहीत धरूनच आपल्या खात्याने पहिली मालिका आणली होती.

दुसरं, रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. बिहार, हरियाणा, तामिळनाडू, दिल्ली आणि आपलं गोवा इथली माहिती त्यात आहे. गावात केबल आल्यावर, नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं मानणाऱ्या बायकांचं प्रमाण कमी झालं आणि घरातल्या निर्णयांत त्यांचा शब्द वाढला, असं त्यांना आढळलं. म्हणजे टीव्हीने बायकांचं भलंही केलं आहे. ते मीही पाहिलं आहे. १९९९ ची 'आभाळमाया' मी आईशेजारी बसून बघितली आणि नोकरी करणाऱ्या, स्वतःचं मत असणाऱ्या सुधा जोशीबद्दल आई दुसऱ्या दिवशी शेजारणींशी बोलत असे. 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये सुनेने पुढाकार घेऊन विधवा सासूचं लग्न लावलं. 'आई कुठे काय करते'मधली अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट घेऊन स्वतःच्या पायावर उभी राहिली, आणि त्या काळात माझ्याकडे आलेल्या पन्नाशीच्या बायका तिचं नाव घेऊन बोलत. ज्या पडद्याने त्यांना एवढा धीर दिला, तोच धीर फसवून लग्न लावलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीलाही देऊ शकतो. हे पत्र लिहिण्याचं कारण तेवढंच आहे.

काम अजून किती बाकी आहे ते सरकारचीच आकडेवारी सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ४५ टक्के स्त्रियांनी, विचारलेल्या कारणांपैकी किमान एका कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारलं तर ते योग्य आहे, असं सांगितलं. त्यात सर्वांत जास्त वेळा सांगितलेलं कारण होतं सासू-सासऱ्यांचा मान न राखणं. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

गावं मात्र पुढे जात आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. ज्या प्रथा शिरोळ तालुक्यातल्या एका गावाने हात वर करून मोडल्या, त्याच मालिकेत आजही पार्श्वसंगीत लावून, तीन बाजूंनी कॅमेरा फिरवून दाखवतात.

नियम आपल्याकडे आहेत. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला नियम ६ स्त्रियांची अप्रतिष्ठा करणाऱ्या कार्यक्रमांना मनाई करतो आणि स्त्रियांना सकारात्मक, नेतृत्व करणाऱ्या भूमिकांत दाखवण्याचा प्रयत्न करावा असंही सांगतो. दाखलाही आहे. २०१७ मध्ये एका हिंदी मालिकेत नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं तरुण मुलीशी लग्न दाखवलं, हजारो प्रेक्षकांनी तेव्हाच्या माहिती व प्रसारण मंत्र्यांकडे दाद मागितली, आणि प्रसारकांच्या तक्रार परिषदेने ती मालिका रात्री उशिरा दाखवायला आणि बालविवाहाला आपला पाठिंबा नसल्याची पट्टी चालवायला सांगितलं. पट्टी चालवता येते, हे तेव्हाच ठरलं आहे. पात्राने सिगारेट पेटवली की खाली आरोग्याचा इशारा दिसतो, हा नियम तर २ ऑक्टोबर २०१२ पासून आहे. त्या इशाऱ्यामुळे एकही मालिका बंद पडलेली नाही.

तेव्हा माझी मागणी अशी. धाकाने, फसवून किंवा अठराच्या आतल्या मुलीचं लग्न लावल्याचं दृश्य असेल, हुंड्याची मागणी किंवा मारहाण असेल, तिथे पडद्याच्या खाली, ज्या भाषेत मालिका आहे त्याच भाषेत, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत पट्टी यावी : हा गुन्हा आहे, असं लग्न रद्द होऊ शकतं, महिला हेल्पलाइन १८१, बालकांसाठी १०९८. विशेष भागाच्या जाहिरातीतही ती असावी, कारण जाहिरात दिवसातून कितीतरी वेळा लागते. केबल नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीने प्रेक्षकाची तक्रार वाहिनीने पंधरा दिवसांत निकाली काढायची आहे, पण तक्रार कुठे करायची हे माझ्या एकाही पक्षकार बाईला माहीत नाही. ते मालिका संपताना मराठीत दाखवावं. आणि मालिका लिहिणाऱ्यांशी आपल्या खात्याने बोलावं. ते रोज एक भाग लिहून देणारी, वेळेच्या दडपणाखालची माणसं आहेत. कायद्याची माहिती सोप्या मराठीत त्यांच्या हाती पडली तर त्यातून त्यांना गोष्टीही सापडतील. मुलगी पोलिस ठाण्यात जाते, ठाणे अंमलदार तिला परत पाठवतो, ती कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाते, बाप साक्ष देताना अडखळतो : यात नाट्य कमी नाही, मी ते दर आठवड्याला न्यायालयात बघते.

अशी बैठक आपण मुंबईत घेतलीत तर मी स्वखर्चाने येईन आणि तालुक्याच्या न्यायालयांत ही प्रकरणं चालवणाऱ्या आणखी वकील भगिनींना सोबत आणेन. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक वकील आणि मालिकांची प्रेक्षक