‘एवढ्याशानं काय होतंय?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ग्लुटेन-फ्रीच्या फॅडवरचा लेख वाचला. नट्यांनी गहू सोडला म्हणून आपणही सोडायचा, हे खूळच आहे. लेखकाने त्याची उडवलेली टर मलाही पटली. पण सिलिॲक आजाराच्या वाट्याला त्या अख्ख्या लेखात एकच वाक्य आलं, तेही कंसात : काहींना गव्हाची ॲलर्जी असते, त्यांची गोष्ट वेगळी. त्या कंसात मी अकरा वर्षं राहते आहे आणि माझी मुलगी सात वर्षं. म्हणून हे पत्र. त्याच पानावर एक चूकही झाली आहे, ती शेवटी सांगते.

ही ॲलर्जी नव्हे. गहू, जव (म्हणजे आपला सातू) आणि राय (मोहरी नव्हे, परदेशातलं एक धान्य) या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की आमच्या शरीराची संरक्षण यंत्रणा आमच्याच लहान आतड्यावर चालून जाते. आतड्याला आतून टॉवेलच्या धाग्यांसारखी बारीक लव असते, अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. ती झिजून सपाट होते. मग ताटात काहीही वाढा, अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. ही धान्यं जन्मभर बंद, एवढाच उपचार. आणि हे काही इन्स्टाग्रामवर निघालेलं नाही. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा ही आजारी मुलं उपासमारीतही सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खंगली. १९५० साली त्याने यावर प्रबंध लिहिला.

लोकांना वाटतं, सिलिॲक म्हणजे जुलाब. माझं पोट कधी फारसं बिघडलंच नाही. माझं हिमोग्लोबिन सातच्या वर चढत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, सलाईनमधून लोह झालं, खजूर-बीट-गूळ झालं. ‘हिच्या अंगाला रक्तच धरत नाही,’ असं सासूबाई येईल त्याला सांगायच्या. मुलीच्या पाठीवर दोनदा गर्भपात झाला. थायरॉइडची गोळी पन्नासवरून दीडशेवर गेली, तरी रिपोर्ट जागेवर येईना. पस्तिशीत न्हाणीघरात साधी घसरले तर मनगट मोडलं, आणि तपासणीत हाडं निघाली साठीच्या बाईची. चार डॉक्टर, चार फायली. प्रत्येकाने आपापली फाइल नीट सांभाळली, त्यात मी दोष देत नाही. पाचव्या डॉक्टरांनी मात्र चारही फायली टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या, दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत आणि टीटीजी नावाची रक्ताची तपासणी लिहून दिली. मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान पक्कं झालं. गहू सुटल्यावर सहा महिन्यांत हिमोग्लोबिन अकरावर आलं, थायरॉइडची गोळीही कमी झाली. हाडांना मात्र अजून कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व चालूच आहे.

ज्यांच्या घरात असं ‘रक्त न धरणारं’ माणूस आहे, ज्या मुलाची उंची एका जागी अडली आहे, ज्याला लहानपणापासून इन्सुलिनचा मधुमेह आहे, त्यांनी डॉक्टरांना ही तपासणी एकदा विचारावी. सोबत एकूण आयजीएची (रक्तातल्या एका संरक्षक प्रथिनाची) तपासणीही करावी, कारण ते मुळातच कमी असलं तर टीटीजी खोटंच नॉर्मल येतं. आई-वडील, भावंडं, मुलं यांनाही हा आजार असण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणूनच माझ्या मुलीची तपासणी झाली. पोटाची एकही तक्रार नव्हती, फक्त वर्गात ती सर्वांत बुटकी होती. आणि कृपा करून तपासणीच्या आधी गहू सोडू नका. माझ्या भावाने माझं बघून परस्पर सोडला. त्याला बरं वाटलं, नंतर रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पुन्हा पोळी खा, मग बघू. तो काही तयार झाला नाही. त्याला सिलिॲक आहे की नाही, हे आजही कुणाला ठाऊक नाही.

हा पंजाब-हरियाणाकडचा आजार, असं मला दोघा शिकल्या-सवरल्या माणसांनी ऐकवलं आहे. उत्तरेत तो जास्त आहेच, सुमारे शंभरात एक. पण एम्स आणि इतर संस्थांच्या डॉक्टरांनी मिळून उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतात केलेला अभ्यास २०१६ साली आला. त्यात या आजाराला लागणारी जनुकं तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात दिसली. मोठा फरक होता तो गहू किती खाल्ला जातो यात. सोलापूरच्या माणसाने हे विसरू नये. माझ्या आजीच्या घरी पोळी सणासुदीला व्हायची, रोजची भाकरीच. आता माझ्या आळीत भाकरी हॉटेलात जाऊन खातात आणि पोळी तिन्ही त्रिकाळ.

मग तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही ज्वारीच्या गावात राहता, मंगळवेढ्याची मालदांडी दाराशी येते, तुम्हाला काय कमी? खरंय. कडक भाकरी, शेंगाचटणी, पिठलं यावर मी सुखात जगते. एकादशीला तर आम्ही मायलेकी राणीसारख्या : साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, सगळं चालतं, आणि उपासाच्या फोडणीत हिंगही नसतो. हिंगाचं पुढे सांगते. आमची लढाई पोळीशी नाहीच. पोळी दिसते. आमची लढाई आहे ‘एवढ्याशानं काय होतंय’ याच्याशी.

एवढंसं म्हणजे किती, त्याचा हिशोब सांगते. एका मध्यम पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज पन्नास मिलीग्रॅम जात राहिलं तरी आमच्या आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे पोळीचे पन्नास-साठ तुकडे करा, त्यातला एक. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं तर किलोमागे वीस मिलीग्रॅमच्या आत, असा आपल्याकडेही नियम आहे. आता या मापाने गिरणीत चला. ज्वारीचा डबा घेऊन मी रांगेत, पुढच्या बाईंचे पाच किलो गहू नुकतेच पडलेत. ‘काका, आधी काय दळलंय?’ ‘गहू. पण पसाभर ज्वारी घालून जातं साफ करतो की वहिनी, मग तर झालं?’ काका मनाने चांगला. पण जात्याच्या कडेला, पट्ट्यावर, खाली लावलेल्या कापडी पिशवीत पांढरी पिठी तशीच बसलेली मला दिसते. तरी मी वर्षभर तिथेच दळलं, कारण रोज कुणाशी भांडायचं? शेवटी हप्त्यावर घरघंटी घेतली. दोन वर्षांनी मी माहेरी गेलेली असताना सासूबाईंनी त्यातच पुरणपोळीसाठी किलोभर गहू दळले. लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती आणि मागे सासूबाई म्हणत होत्या, अगं, पुसून घेतलंय मी.

आता हिंग. सगळं पाळूनही माझं टीटीजी एका आकड्याच्या खाली उतरेना. आहारतज्ज्ञ बाईंनी स्वयंपाकघरातले सगळे डबे पिशवीत घालून आणायला सांगितले. हिंगाची पिवळी डबी त्यांनी चष्मा वर करून, डोळ्यांजवळ धरून वाचली आणि माझ्या हातात दिली. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं : डिंक, गव्हाचं पीठ आणि मग हिंग. बांधानी हिंग असाच करतात, पीठ आणि डिंक घालून. कुणी तांदळाचं पीठ घालतं, कुणी मैदा. ज्याला मी मसाला समजत होते तो रोज वरणात, भाजीत, ताकात पडत होता. त्याच पिशवीत मेतकूट होतं, त्यात भाजलेले गहू. सगळा दोष हिंगाचा असं मी म्हणत नाही, चिमटी चिमटी करूनच भरतं. आता खडा हिंग आणते आणि घरी कुटते.

मुलीचं वेगळंच असतं. सत्यनारायणाला बोलावणं आलं की ती आधी विचारते, जायलाच हवं का? प्रसादाचा शिरा नाकारायचा कसा? ‘प्रसाद आहे गं, त्यानं काही होत नाही,’ असं समोरून प्रेमाने म्हणतात. ती हात पुढे करते, द्रोण घेते, डोळ्यांना लावते आणि हळूच माझ्याकडे सरकवते. मग मी तो घरच्यांसाठी पिशवीत ठेवते. शाळेत वाढदिवसाचा केक आला की ‘आत्ताच डबा खाल्ला’ म्हणते. खोटं बोलायला मीच शिकवलं, कारण खरं सांगितलं की पुढचा अर्धा तास प्रश्नच प्रश्न.

२०२३ हे भरडधान्य वर्ष झालं तेव्हा आम्हाला वाटलं, आता आपले दिवस आले. दुकानात ज्वारीची बिस्किटं आली, नाचणीचा पाव आला. पाकीट उलटून वाचलं की घटकांत पहिलं नाव मैद्याचं. पाकिटावर निदान वाचता तरी येतं. सुट्या फरसाणाला, बचत गटाच्या भाजणीला, हॉटेलच्या सोया सॉसला (त्यात बहुधा गहू असतोच) कोण विचारणार? विचारलं की वेटर म्हणतो, मॅडम डाएटवर आहेत का? फॅडने आमचं नुकसान केलं ते इथे. तुमच्या लेखात हे यायला हवं होतं.

माझं निभतं, कारण घरात दोन पगार येतात. तपासणीच्या रांगेत मला एक मोलकरीण भेटली होती, हाच आजार. तिच्या रेशनला गहू आणि तांदूळ येतो. गहू ती शेजारणीला देते आणि तिच्याकडून तांदूळ घेते, शेजारीण देईल तेवढा. इटलीत २००५च्या कायद्याने अशा रुग्णांना खास अन्नासाठी दरमहा मदत मिळते. मी तेवढं मागत नाही. डॉक्टरांचा कागद दाखवला की रेशनवर गव्हाऐवजी तांदूळ किंवा ज्वारी मिळावी. आणि बचत गटांनी, गृहउद्योगांनी पिशवीवर चार शब्दांत आत काय काय आहे ते मराठीत लिहावं. छापून घ्यायला पैसे नसतील तर पेनाने लिहा, आम्ही वाचू.

आता ती चूक. लेखाच्या खालच्या चौकटीत ‘झटपट ग्लुटेन-फ्री थालीपीठ’ अशी पाककृती आहे. तिच्या भाजणीत अर्धी वाटी गहू आहेत आणि फोडणीत हिंग. माझ्या मुलीने ती कात्रीने कापून फ्रिजवर लावली होती, रविवारी करू म्हणून. पुढच्या पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

मुलगी शाळेत जाते, म्हणून नाव छापू नये.

आपली,
एक वाचक, सोलापूर