रेव्हरंड पॅट्रिक ब्रॉन्टे यांच्या चरित्रलेखनात साहाय्य करणाऱ्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातल्या हॉवर्थचे धर्मगुरू रेव्हरंड पॅट्रिक ब्रॉन्टे यांच्यावरील माझा दीर्घ लेख आपल्या साहाय्याने पूर्ण झाला. यॉर्कशरमधला आपला व्याप सांभाळून आपण मला जुन्या नोंदी कशा वाचाव्यात हे पत्रांतून ज्या धीराने शिकवलेत, त्याचे आभार खासगीत मानून माझे समाधान होणार नाही. लेखाच्या वाचकांनाही त्यामागचे आपले श्रम कळावेत, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

शार्लट, एमिली आणि ॲन या लेखिकांचे वडील, एवढीच पॅट्रिक यांची ओळख आपल्याकडे असते. आपण मात्र पहिल्याच पत्रात बजावलेत, की मुलींना काही काळ बाजूला ठेवा आणि आयर्लंडच्या डाउन परगण्यातील एमडेलपासून सुरुवात करा. तिथल्या एका लहानशा शाकारलेल्या घरात १७ मार्च १७७७ रोजी ते जन्मले. वडील ह्यू ब्रंटी शेतमजुरी करीत, आणि दहा भावंडांत पॅट्रिक थोरले होते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत अनेक मराठी कुटुंबांना चार-पाच पिढ्यांची नावे मिळतात. या आयरिश मजुराच्या मागे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींपलीकडे फारसे काहीच नव्हते, आणि तिथेही आडनाव लिहिणाऱ्याच्या कानावर पडले तसे वेगवेगळ्या रीतीने उतरले आहे. ह्यूच्या पूर्वजांविषयीची, वेल्श नावाच्या पोरक्या मुलाला घरात घेतल्याची आणि त्याने पुढे घरच बळकावल्याची रंगतदार कथा विल्यम राइट यांनी १८९३ मध्ये छापली. तिला कागदाचा आधार नाही, तेव्हा ती कुटुंबकथा म्हणूनच सांगावी, इतिहास म्हणून नव्हे, हा आपला आग्रह मी शेवटपर्यंत पाळला. आई मॅक्लोरी घराण्यातली. ती जन्माने कॅथलिक होती, ही समजूतही मी त्याच रीतीने नोंदवली आहे.

लोहाराच्या हाताखाली आणि मग मागावर काम केलेला हा मुलगा शिक्षक झाला, रेव्हरंड थॉमस टाय यांच्या मुलांना शिकवू लागला, आणि १८०२ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात कमी शुल्कात शिकणारा गरीब विद्यार्थी म्हणून दाखल झाला. प्रवेशाच्या नोंदीत आधी ‘ब्रँटी’ असे लिहिले गेले आणि दोन दिवसांनी ते ‘ब्रॉन्टे’ असे बदलले. घराण्याचे आजचे नाव तिथून सुरू होते. पुढचा धागा आपण दाखवला नसतात, तर तो माझ्या हाती लागलाच नसता. पॅट्रिक यांची ओढग्रस्त स्थिती पाहून १८०४ मध्ये त्याच कॉलेजचे फेलो हेन्री मार्टिन यांनी खासदार विल्यम विल्बरफोर्स यांच्यापर्यंत शब्द टाकला आणि त्यांना वार्षिक मदत मिळवून दिली. हेच मार्टिन पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे चॅप्लेन, म्हणजे धर्मगुरू, म्हणून हिंदुस्थानात आले, त्यांनी उर्दूत बायबलचा नवा करार उतरवला, आणि १८११ मध्ये इराणला जाताना ते गोव्यात व मुंबईत थांबले होते. ज्या माणसाच्या रदबदलीने पॅट्रिक यांचे शिक्षण पार पडले, तो आपल्या किनाऱ्यावर येऊन गेला, हे वाचून मला अतिशय आनंद झाला.

मुलींच्या मातृपक्षाचे चित्र निराळे आहे. कॉर्नवॉलमधील पेन्झन्सचे व्यापारी थॉमस ब्रॅनवेल यांची कन्या मारिया हिच्याशी पॅट्रिक यांचा विवाह २९ डिसेंबर १८१२ रोजी गायझली येथे झाला. त्याच वेळी मारियाच्या आतेबहिणीचा, म्हणजे जेन फेनेल हिचा, विवाह विल्यम मॉर्गन यांच्याशी लागला, आणि दोन्ही धर्मगुरूंनी एकमेकांची लग्ने लावली.

१८२० मध्ये ते हॉवर्थला आले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षे, तिथेच राहिले. पुढच्याच वर्षी मारिया गेली, १८२५ मध्ये दोन थोरल्या मुली गेल्या. या दुःखांवर बहुतेकजण थांबतात. आपण मला १८५० च्या बेंजामिन बॅबेज यांच्या आरोग्य-अहवालाकडे वळवलेत, आणि माझ्या लेखाचा खरा गाभा तिथे आहे. हॉवर्थमध्ये मृत्यूचे सरासरी वय २५.८ वर्षे होते आणि चाळीस टक्क्यांहून अधिक मुले सहा वर्षांची होण्याआधीच दगावत. उघडी गटारे, अपुरे शौचकूप, दूषित पाणी, माणसांनी भरून गेलेली दफनभूमी हे सारे बॅबेज यांनी मांडले, पण त्यांना तिथे आणण्यासाठी लंडनच्या आरोग्य मंडळाकडे अर्ज करणाऱ्यांत पुढाकार पॅट्रिक यांचा होता, आणि तोही १८४९ मध्ये, मुलगा ब्रॅनवेल आणि मुली एमिली व ॲन ही तीन मुले अवघ्या आठ महिन्यांत गमावल्यानंतर. १८३७ मध्ये गरिबांवर जाचक ठरणाऱ्या नव्या कायद्याविरुद्धही ते सभेत उभे राहिले होते. मला ते या कामांमुळे मोठे वाटतात.

१८५५ मध्ये शार्लटही गेली. सहाही मुलांचा वंश पुढे चालला नाही. जावई आर्थर बेल निकोल्स यांनी ७ जून १८६१ पर्यंत वृद्ध सासऱ्यांना सांभाळले. मृत्युपत्रात पॅट्रिक यांनी आयर्लंडमधील भाऊ ह्यू याच्या नावे चाळीस पौंड ठेवले, सर्व भावंडांत सारखे वाटण्यासाठी. त्या कागदातील ओळी आपण मला समजावून दिल्यात, तेव्हा एमडेलचे घर त्यांच्या मनातून कधीच सुटले नव्हते, याची मला खात्री पटली, आणि लेखाचा शेवट मी तिथेच केला आहे.

छापील प्रत आपल्या पत्त्यावर पाठवत आहे. पेन्झन्सच्या ब्रॅनवेल घराण्यावर लिहिण्याचा मानस आहे. त्या कामीही आपले मार्गदर्शन लाभावे, ही विनंती.

आपला ऋणी,
एक अभ्यासक