होंगोच्या लायब्ररीतल्या मॅडमना, मनापासून थँक्यू

मॅडम, तुम्हाला मराठी येत नाही, पण हे मला माझ्याच भाषेत लिहायचंय.

टोकियो युनिव्हर्सिटीच्या होंगो कॅम्पसमधल्या जनरल लायब्ररीत मी आलो तेव्हा डोक्यात एकच होतं, मॅक्स म्युलरची पुस्तकं बघायची. ऋग्वेद सायणभाष्यासकट छापणारा माणूस, तो १९०० साली गेल्यावर मित्सुबिशी कंपनीचे प्रमुख इवासाकी हिसाया यांनी त्याची अख्खी लायब्ररी विकत घेऊन १९०१ मध्ये इथे दिली, एवढं मी वाचलं होतं आणि पुढचं काही वाचलंच नव्हतं. तुम्ही काउंटरवरच्या कागदावर पेन्सिलने १९२३ लिहिलंत आणि हळूच म्हणालात, भूकंपानंतरच्या आगीत सगळं गेलं. मी बराच वेळ तसाच उभा होतो.

तुम्ही तिथेच थांबू शकला असता ना. दुसऱ्या दिवशी मी सहज आलो तर माझ्यासाठी मात्सुनामींनी केलेला इथल्या संस्कृत पोथ्यांचा १९६५ चा कॅटलॉग काढून ठेवलेला, त्यात कागदाच्या पट्ट्या घातलेल्या, आणि मग कळलं की म्युलरचेच विद्यार्थी ताकाकुसू आणि तिबेटात वेष पालटून शिरलेले भिक्षू कावागुची, या दोघांनी नेपाळातून आणलेल्या संस्कृत पोथ्या इथे आहेत, त्याही शेकड्यांनी! बौद्ध ग्रंथ, काही ताडपत्रावर, दोरीसाठी मधे भोक पाडलेली. लिपी नेवारी, म्हणजे अर्धी अक्षरं ओळखीची वाटतात आणि अर्धी चकवतात, मी एका ओळीला अर्धा तास घ्यायचो. स्कॅन ऑनलाइन आहेत हेही तुम्हीच दाखवलंत, त्यामुळे मूळ पोथीला उगाच हात लावावा लागला नाही. खरं सांगतो, इतक्या आपुलकीने कोणी माझं काम स्वतःचं मानलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी तुम्हाला आमच्या आजोबांच्या पोथीच्या शेवटी असलेला श्लोक सांगितला, जुने लेखनिक लिहायचे तो, तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पोथी म्हणते. तुम्ही तो जपानीत लिहून घेतलात, तेल का म्हणून विचारलंत, मी दिव्याचं सांगितलं. मग तुम्ही परत वाचलंत आणि विचारलंत, यात आग नाही?

आजोबांच्या पोथीत तरी नाही, मॅडम. घरी आल्यावर परत काढून बघितली.