जहाजावर निघण्यापूर्वी हातातली पिशवी भर

॥ श्री ॥

वेळणेश्वर,
कार्तिक वद्य पंचमी

चि. सौ. ताई हिस आप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही सर्व जण विहीणबाईंना बरोबर घेऊन मुंबईहून जहाजाने लक्षद्वीपला जाणार आहात, हे ऐकून मला आणि तुझ्या आईला फार आनंद झाला. हंगामही तुम्ही चांगला निवडला आहे. पावसाळा संपल्यावरही काही आठवडे अरबी समुद्राचा भरवसा धरता येत नाही, आणि २००९ सालच्या नोव्हेंबरात आलेले फयान वादळ आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार अजून विसरलेले नाहीत. डिसेंबरअखेर मात्र पाणी बहुधा निवळलेले असते. तू पाठवलेली सामानाची यादी मी लक्षपूर्वक वाचली. तीत कपडे आहेत, चपला आहेत, छोटीची खेळणी आहेत, रात्रीच्या खास जेवणासाठी काढून ठेवलेली साडी आहे, आणि ते सर्व योग्यच आहे. परंतु यांपैकी कोणती वस्तू मोठ्या बॅगेत जाणार आणि कोणती तुझ्या हातात राहणार, याचा उल्लेख त्या यादीत कुठेच नाही. जहाजाच्या तयारीत मला तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. फोनवर असे विषय अर्धवट राहतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच तुमच्याकडून घेतल्या जातात. त्यांना केबिनचा क्रमांक असलेले टॅग लावतात, त्यांची तपासणी होते आणि मग खलाशांच्या हातून त्या एकेका मजल्यावर पोचवल्या जातात. हजारो नग असतात, त्यामुळे तुमची बॅग दारापाशी येईपर्यंत संध्याकाळ होऊ शकते. तुम्ही मात्र दुपारपासूनच जहाजावर असता. छोटीला पोहण्याचा तलाव दिसल्याबरोबर पाण्यात उतरायचे असेल, विहीणबाईंची दुपारची गोळी घेण्याची वेळ झालेली असेल, जावईबापूंना चष्मा हवा असेल, आणि यांतले सर्व त्या बॅगेत बंद असेल तर पहिलाच दिवस चिडचिडीत जाईल. म्हणून प्रत्येकाची एक छोटी पिशवी वेगळी भर. तिच्यात मूळ ओळखपत्रे, तिकिटांच्या छापील प्रती, सर्व औषधे, चष्मे, चार्जर, छोटीचा एक जादा कपड्यांचा जोड, पोहण्याचा पोशाख आणि एक शाल असावी. जहाजावरची भोजनगृहे आणि सभागृहे वातानुकूलित यंत्रांमुळे फार गार असतात. तिकिटावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव अक्षरशः सारखे आहे ना, हे आजच तपासून घे. लग्नानंतर तुझे नाव एका कागदावर बदलले आहे आणि दुसऱ्यावर तसेच आहे, एवढ्याशा कारणावरून धक्क्यावर खोळंबा होऊ नये. लक्षद्वीपला उतरण्यासाठी प्रवेशपरवाना लागतो. तो कोण काढणार आणि त्यासाठी कोणती कागदपत्रे कधीपर्यंत द्यायची, हेही कंपनीला लगेच विचार.

औषधांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तुझ्यासोबत वयस्कर माणूस आहे. विहीणबाईंच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांपुरत्याच न घेता काही दिवस पुरतील इतक्या जादा घे. त्या मूळ पाकिटांतच ठेव, सुट्या काढून डबीत भरू नकोस, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत असू दे. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टरही असतात, पण तेथील तपासणीचे पैसे वेगळे मोजावे लागतात आणि नेहमीच्या ब्रँडची गोळी तेथे मिळेलच असे नाही. त्यासाठी प्रवासविमा उतरवून घ्यावा असे मला वाटते.

तुला लहानपणी दाभोळच्या तरीतसुद्धा बोट लागत असे, तेव्हा त्याचाही विचार आधीच करायला हवा. बंद केबिनमध्ये बसले की भिंती स्थिर असल्याचे डोळे सांगतात, आणि आतल्या कानाला मात्र जहाजाचा डोल जाणवत असतो. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. म्हणून असे वाटू लागताच फोन आणि पुस्तक बाजूला ठेवून मोकळ्या डेकवर यावे आणि दूरच्या क्षितिजावर नजर स्थिर करावी. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर डोल सर्वांत कमी जाणवतो. केबिन निवडणे अजून तुमच्या हातात असेल तर उंचावरच्या, पुढच्या टोकाच्या केबिनचा मोह टाळावा. उपाशीपोटी राहू नये आणि तळलेलेही खाऊ नये. भात, टोस्ट असे साधे अन्न थोडे थोडे खात राहावे. आल्याचा उपयोग होतो, तेव्हा दुकानातून आलेपाकाची बंद पाकिटे घेऊन ठेव. प्रवासाच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर त्या जहाज हलण्यापूर्वी घ्याव्या लागतात, उलट्या सुरू झाल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यांनी गुंगी येते. शिवाय विहीणबाईंना काचबिंदूचे थेंब चालू आहेत, आणि या जातीच्या काही गोळ्या काचबिंदूच्या काही रुग्णांना चालत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी आणि छोटीसाठी डॉक्टरांना विचारल्याखेरीज कोणतीही गोळी बरोबर घेऊ नकोस, मग ती तुला स्वतःला कितीही मानवत असो.

आता जे न्यायचे नाही त्याविषयी. मी मालवाहू जहाजांवर सुखाणी, म्हणजे सुकाणू धरणारा, म्हणून काम केले. त्या काळात आम्हाला वादळापेक्षाही आगीची धास्ती अधिक असे, कारण भर समुद्रात आग लागली तर पळून जायला जागा नसते आणि बंब बोलावता येत नाही. त्यामुळे इस्त्री, पाण्याची विजेवरची किटली, मेणबत्ती, उदबत्ती, वायरचे एक्स्टेन्शन बोर्ड, यांतले काहीही जहाजावर चालत नाही आणि तपासणीत सापडले तर काढून घेतले जाते. विहीणबाई रोज निरंजन लावून पूजा करतात, हे मला माहीत आहे. त्यांना हे आधीच, घरीच, नीट समजावून सांग. धक्क्यावर अनोळखी माणसाने पूजेच्या पिशवीतून तुपाच्या वाती बाहेर काढल्या तर त्यांच्या मनाला लागेल. देवाची तसबीर, जपमाळ आणि पोथी यांना कुणाची हरकत नसते. त्यांनी समुद्राला नारळ द्यायचा म्हटले आहे, असे तू लिहिले आहेस. जहाजावरून पाण्यात काहीही टाकण्याची परवानगी प्रवाशांना नसते. तो नारळ त्यांच्या नावाने मी येथेच, देवळासमोरच्या पुळणीवर उतरून, समुद्राला अर्पण करीन, असे त्यांना सांग.

घरचे खाद्यपदार्थही बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, आणि त्यामागचे कारण योग्य आहे. एका छताखाली इतकी माणसे जेवत असताना पोटाचा आजार एकाला झाला की तो झपाट्याने पसरतो. तुझ्या आईने फणसपोळी आणि खोबऱ्याच्या वड्या बाजूला काढून ठेवल्या आहेत; त्या मुंबईत मामाकडे सर्वांनी मिळून खाव्यात. याच कारणासाठी जेवणापूर्वी साबण लावून हात धुण्याची सवय छोटीला आतापासूनच लाव. केवळ सॅनिटायझरवर विसंबू नये, कारण जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूवर तो पुरेसा परिणाम करीत नाही.

सर्वांत मनापासून सांगायची गोष्ट सुरक्षेच्या कवायतीची आहे. जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सर्व प्रवाशांना संकटसमयी कोठे जमायचे ते दाखवले जाते आणि लाइफ जॅकेट कसे घालायचे ते शिकवले जाते. पुष्कळ प्रवासी त्या वेळी फोटो काढण्यात किंवा खाण्यात दंग असतात. तुमच्यापैकी कुणीही तसे करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शुभ कार्याला निघताना मी अभद्र बोलतो असे समजू नकोस. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसाची आठवण घराघरांत सांगितली गेली आहे. आजची जहाजे त्या बोटीपेक्षा कितीतरी पटींनी सुरक्षित आहेत, हे खरेच आहे. तरीही १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे भव्य प्रवासी जहाज खडकावर आदळले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्या प्रवाशांची कवायत तोपर्यंत झालेली नव्हती, कारण ती चोवीस तासांत केव्हाही घेण्याची मुभा त्या वेळी होती. ती मुभा १ जानेवारी २०१५ पासून काढून टाकण्यात आली. एवढी किंमत मोजून झालेला नियम आहे तो, म्हणून त्याचा मान ठेवावा.

केबिनमध्ये पाय ठेवताच दाराच्या आतल्या बाजूला लावलेला नकाशा पाहा आणि आपले जमण्याचे ठिकाण शोधून तेथपर्यंत एकदा जिन्याने चालत जाऊन या, कारण संकटात लिफ्ट वापरायची नसते. सात छोटे आणि एक लांब भोंगा हा सर्वांनी जमण्याचा इशारा आहे, तो छोटीलाही पाठ करायला सांग; मुलांना असे चटकन येते. कपाटात ठेवलेले लाइफ जॅकेट मोठ्यांच्या मापाचे असेल तर छोटीच्या मापाचे लगेच मागून घ्या. विहीणबाईंना जिने चढणे जड जात असल्यास तेही तेथील कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे, म्हणजे मदतीला कोणी यायचे ते ठरवता येते. त्यांच्या औषधांची पिशवी रात्री उशाशीच असू दे.

केबिनमधील न्हाणीघराच्या दाराला अनेकदा उंच उंबरठा असतो आणि दारे जड असतात. त्यात बोटे सापडतात, म्हणून छोटीला दार लावू देऊ नये. गॅलरी असल्यास कठड्याजवळ खुर्ची ठेवू नये. संडासात कागदाखेरीज काही टाकू नये; तेथील मैला हवेच्या दाबाने ओढला जातो आणि एका कापडाच्या तुकड्याने कित्येक केबिनींची वाट बंद होते. चपला रबरी तळव्याच्याच घ्याव्यात. भिंती पोलादी असल्याने लोहचुंबकाचे आकडे त्यांना चिकटतात. ओले कपडे आणि टोप्या अडकवायला ते उपयोगी पडतील.

लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाचे खडक आहेत, त्यामुळे मोठे जहाज बाहेरच नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून नेतात. जुन्या काळी आगबोट आपल्या बंदरांबाहेर थांबत असे आणि पडावांतून माणसे उतरवीत, तशीच ही पद्धत आहे. लाटा मोठ्या असतील तर कप्तान कोणालाही उतरू देणार नाही आणि बेट दुरूनच पाहून पुढे जावे लागेल. तसे झाले तर त्यांच्याशी वाद घालू नये. तो निर्णय तुमच्या हितासाठीच घेतलेला असतो. होडीत चढताना दोन्ही हात मोकळे असावेत, म्हणून सामान पाठीवरच्या पिशवीत घ्यावे आणि खलाशी हात देईल तेव्हा त्याचे मनगट धरावे. पाण्यात उतरताना बंद चपला घालाव्यात, कारण प्रवाळाने कापलेली जखम चिघळते. प्रवाळाचा तुकडा, मग तो वाळूत पडलेला का असेना, छोटीला उचलू देऊ नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध आहे.

फोनबाबत एवढेच सांगतो की किनारा दूर गेला की आपली रेंज जाते आणि काही जहाजांवरचे उपग्रहाचे जाळे फोन आपोआप पकडतो, ज्याचे बिल अतोनात येते. म्हणून फोन फ्लाइट मोडवर ठेवून द्या. आम्ही काळजी करणार नाही.

तुम्ही चिपळूणहून रात्रीच्या कोकणकन्या एक्स्प्रेसने निघून मुंबईत उतरल्यावर त्याच दिवशी दुपारी जहाज गाठणार, असे तू लिहिले आहेस. ते मला मुळीच पसंत नाही. आपला मार्ग बहुतांशी एकेरी आहे, क्रॉसिंगला गाडी किती वेळ उभी राहील याचा नेम नाही, आणि जहाजाचे दार सुटण्याच्या वेळेच्या बरेच आधी बंद होते. आदल्या दिवशी मांडवी एक्स्प्रेसने जा, गिरगावला मामाकडे मुक्काम करा आणि सकाळी जेवूनखाऊन निवांतपणे टॅक्सीने बॅलार्ड पिअरला पोचा. मामाशी माझे बोलणे झाले आहे. तिकिटे बदलण्यासाठी जो खर्च येईल तो मी देईन, त्याचा संकोच करू नकोस.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या वेळी सकाळी घालायचे कपडे, चपला आणि ओळखपत्रे पुन्हा त्याच हातातल्या पिशवीत काढून ठेव.

विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. जावईबापूंना आणि छोटीला आशीर्वाद. मांडवीची तिकिटे मिळाली की लगेच कळव. कळावे,

तुझे,
आप्पा

ता. क. विहीणबाईंच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना सुट्टीपूर्वी भेटायचे असेल तर वेळ आताच घ्यावी लागेल. नाताळच्या आठवड्यात डॉक्टर रजेवर असू शकतात.