ठोक्यानं दिलंय, तर ठोका म्हणा

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स.न.वि.वि.

लातुरात गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. क्लासेस जवळच असल्यानं गिऱ्हाईक बहुतेक नीट-जेईईची पोरं. अहमदपूर, कंधार, गंगाखेड, परळीकडून आलेली, खोली करून राहणारी. तडकलेली काच बदलायला येतात आणि जाता जाता म्हणतात, "दादा, शंभरचा रिडीम कोड द्या." तो कोड टाकला की गेममध्ये वस्तू घेता येतात. मला त्यावर थोडं कमिशन सुटतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी काढायला नको.

मागच्या पावसाळ्यात औसा तालुक्यातले एक गृहस्थ पोराला घेऊन दुकानात आले. मेसचे म्हणून पाठवलेल्या पैशातले चार हजार दोनशे रुपये गेममध्ये गेले होते. बाप चिडलेला नव्हता, हिशेब लावत होता.

"काय घेतलास यात?"

"स्किन."

"म्हंजे कातडं?"

"बंदुकीचं. रंग बदलतो तिचा."

"बरं. मग ते तुझं झालं का? उद्या दुसऱ्याला देता येतंय का?"

"नाही. अकाउंटवर असतंय."

"अन् अकाउंट कुणाचं?"

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मी म्हणालो, तसं बघितलं तर कंपनीचं.

"म्हंजे ठोक्यानं घेतलास म्हण की. किती सालासाठी?"

याचं उत्तर पोराकडं नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. आमच्याकडं खरेदीखत वेगळं, बटई वेगळी, ठोका वेगळा. ठोक्यानं रान घेतलं तर किती सालं करायचं ते आधी ठरतं, पैसे ठरतात, चार माणसांसमोर बोलणं होतं. मुदत संपायच्या आत मालकानं रान काढून घेतलं तर गाव त्याला नावं ठेवतं. गेमच्या पडद्यावर मात्र 'बाय' असं बटण असतं, आणि ते दाबल्यावर जे हातात येतं ते बिनमुदतीचं, मालकाच्या मर्जीवरचं.

मी स्वतः वीस वर्षं गेम खेळतोय, त्यामुळं हे मला नवीन नाही. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात मी एका परदेशी कंपनीचा गेम डीव्हीडीवर घेतला होता, चौदाशे नव्व्याण्णव रुपयांना. घरात घागरभर पाण्याची मारामार आणि हा गडी गेम घेऊन आला, म्हणून बायकोनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. तो डबा अजून काउंटरच्या खालच्या कप्प्यात आहे. आत चकती आहे, कोडचा पिवळा पडलेला कागद आहे, डब्यावर किमतीचं स्टिकरही आहे. गेम तेवढा नाही. कंपनीनं सर्व्हर, म्हणजे गेम ज्याच्याशी जोडून चालतो तो तिचा संगणक, बंद केला, आणि एकट्यानं खेळायचा भागसुद्धा सर्व्हर असल्याशिवाय उघडत नव्हता. मेल केला तर इंग्रजीत उत्तर आलं: तुम्ही परवाना घेतला होता.

जगभर गेम खेळणाऱ्यांचं भांडण आज याच गोष्टीवरून चाललंय. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद झाला. पुढं ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्या खात्यातून परवानेही काढून घेतले गेले. त्यावरून रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरनं 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली, आणि जुलै २०२५ मध्ये युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी साधी आहे. सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही. दुकान बंद करताना विकलेला माल चालता ठेवून जा, एवढंच. कॅलिफोर्नियानं तर जानेवारी २०२५ पासून कायदाच लावला: परवानाच देत असाल तर तसं स्पष्ट सांगा, नुसतं 'बाय' लिहू नका.

माझ्या दुकानातही यावर वाद होतात. एक पोरगा म्हणतो, दादा, सर्व्हरला खर्च येतो, कंपनीनं जन्मभर पोसायचं का? त्याचं चुकीचं नाही. युरोपातल्या गेम कंपन्यांची संघटनाही तेच म्हणते, वर सुरक्षिततेची आणि खर्चाची कारणं जोडते. दुसरा म्हणतो, पटत नसेल तर घेऊ नका. हे ऐकलं की मला हसू येतं, कारण बोलणाऱ्याच्या मोबाईलमध्ये सगळ्यात जास्त स्किन असतात. तिसरा सरळ म्हणतो, म्हणून तर मी पायरेटेड खेळतो. त्याला उत्तर द्यायला मला जड जातं. चोरीची कॉपी दहा वर्षांनी चालते आणि पैसे देऊन घेतलेली चालत नाही, ही गोष्ट मी माझ्याच कप्प्यात बघतोय.

आणि करायचं म्हटलं तर जमतं. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद पडला, तेव्हा सोनीनं लोकांचे पैसे परत केले. बोंबाबोंब झाल्यावर युबिसॉफ्टनंही त्याच मालिकेतल्या पुढच्या गेमना ऑफलाइन सोय देऊ असं जाहीर केलं.

आता आपल्या खात्याकडं येतो. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर वजन, एमआरपी, तारीख छापायला लावणारा वैधमापन कायदा आपल्याच खात्याचा. गेममध्ये मात्र रुपया दिसतच नाही. आधी रुपयाची नाणी करायची, मग नाण्यांनी वस्तू घ्यायची. समजा वस्तू पाचशे नाण्यांची आहे. नाण्यांचे पुडे चारशेचे आणि नऊशेचे. म्हणजे चारशेचे दोन घ्या की नऊशेचा एक, उरलेली तीनशे-चारशे नाणी खात्यात पडून, ती खुणावत राहणार. हाळी हंडरगुळीच्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे, तेव्हा बघणाऱ्याला काही कळायचं नाही. पण निदान बोटं धरणाऱ्या दोघांना तरी भाव ठाऊक असायचा.

पेट्यांचं तर विचारूच नका. पैसे भरून पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब. बेल्जियमनं २०१८ मध्ये याला जुगार ठरवलं. चीननं २०१७ पासून काय निघण्याची शक्यता किती, ते जाहीर करायला लावलं. आपल्याकडं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आली. चांगलं झालं, रमीपायी गेलेली दोन घरं मी जवळून पाहिलीत. पण पेटीत पैसे घालायचे असतात आणि जिंकायचा असतो तो नुसता रंगीत कोट, त्यामुळं ती बाजूनं निसटते. आपल्या खात्यानं ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या डिझाइनबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार दिलेत, खोटी घाई आहे, सतत टोचणं आहे. पेटी नाही, नाणी नाहीत, बंद पडणारा सर्व्हरही नाही.

ग्राहक आयोगात जा, असं कुणी म्हणेल. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फीही नाही, हे मला माहीत आहे. पण चौदाशे नव्व्याण्णव रुपयांसाठी दुकान बंद ठेवून तारखा कोण करणार? परवान्याच्या चाळीस पानी इंग्रजी कागदावर वाद कोण घालणार? औशाचे ते गृहस्थ तर नाहीच.

म्हणून तेराच्या यादीत भर घाला. नाण्याशेजारी रुपयाचा भाव लावायला लावा. पेटीतून काय निघण्याची किती शक्यता आहे ते तीन पडद्यांआड न ठेवता उघडण्याच्या बटणावरच, आणि मराठीतही. ठोका असेल तर 'बाय' हा शब्द काढा आणि किमान किती सालं चालेल ते लिहायला लावा. त्याआधी बंद केलं तर पैसे परत, नाहीतर सर्व्हरशिवाय चालेल अशी सोय. बंदी घालाच असं मी म्हणत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा पोरं रडकुंडीला येऊन विचारत होती, दादा, आमच्या यूसीचं, म्हणजे पैसे भरून घेतलेल्या नाण्यांचं, काय? तेव्हाही माझ्याकडं उत्तर नव्हतं.

ते गृहस्थ गेल्यावर मी पुठ्ठ्यावर मार्करनं एक पाटी लिहून काउंटरला लावली: 'रिडीम कोडनं घेतलेली वस्तू तुमची होत नाही. कंपनी केव्हाही बंद करू शकते.' काही पोरं वाचतात, हसतात आणि कोड घेतात. दोघं-तिघं परत गेले, तेवढं कमिशन बुडालं. त्याचं काही वाटत नाही. पण माल कंपनीचा, पैसे कंपनीला, आणि पाटी मी लिहायची, हे काही बरोबर दिसत नाही.

कळावे,

आपला,
एक मोबाईल दुकानदार, लातूर